चालतं खातं बंद, बंद खातं चालू

पोह्यांवर दुसऱ्यांदा तर्री घेऊन झाली होती. हे आधी सांगणं भाग आहे, कारण निम्मी प्लेट शिल्लक असती तर मी निदान ओशाळून ती परत ठेवली असती. मे महिना, सकाळचे साडेसात, नागपुरात खामल्याच्या चौकातला ठेला. फोन काढला, कोड स्कॅन केला, तीस रुपये टाकले, पिन मारला. फोन म्हणाला, हे खातं बंद आहे.

“सर्व्हर डाऊन असंल,” मी म्हणालो. आजकाल माणूस कधी कंगाल नसतो, त्याचा सर्व्हर डाऊन असतो.

“होऊन राहते भाऊ. उद्या द्या,” पोहेवाला म्हणाला. मग मागच्या गिऱ्हाइकाच्या पोह्यांवर चना टाकता टाकता, माझ्याकडे न बघता, “पण उद्या कॅश आणजा.”

घरी येऊन बँकेचं अ‍ॅप उघडलं. अ‍ॅपनं सांगितलं, हा मोबाइल नंबर आमच्याकडे नोंदलेला नाही. १९९८ पासूनचं खातं. पहिला पगार त्यात आला, लग्नाचा खर्च त्यातून गेला, पोरीच्या कॉलेजच्या फियांनी त्याचा जीव चार वेळा घशाशी आणला. शिल्लक होती ८७ हजार आणि वर काहीतरी. आणि आता अ‍ॅप म्हणतं, आपण कोण? दहा वाजता त्याच बँकेचा, त्याच नंबरवर मेसेज आला: आपल्यासाठी पाच लाखांचं कर्ज पूर्वमंजूर. म्हणजे माझे ८७ हजार द्यायला मी त्यांच्या ओळखीचा नाही, त्यांचे पाच लाख न्यायला मात्र घरचा माणूस.

दुपारपर्यंत कळत गेलं की त्या एका खुंटीला मी किती दोऱ्या बांधून ठेवल्या होत्या. विम्याचा हप्ता परतला. गॅसचं बुकिंग अडकलं. पुण्याहून पोरीनं तिच्या आईच्या खात्यात दोन हजार टाकले आणि मला फोन केला, “बाबा, पॉकेटमनी पाठवलाय. जपून वापरा.” हे वाक्य मी तिला सहा वर्षं ऐकवलंय. तिनं आवाजासकट लक्षात ठेवलं होतं.

पण खरा घाव सोसायटीचा. मेन्टेनन्सचा चेक मी चार दिवसांपूर्वी दिला होता. तो परत आला, सोबत चिठ्ठी: खाते बंद. आमचे सेक्रेटरी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, धरणाचं गळतं पाणी तीस वर्षं शांतपणे बघितलेले. पण चेक परत आलेला त्यांना सहन झाला नाही. त्यांनी त्या चिठ्ठीचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली हात जोडलेली खूण. त्या खुणेचा अर्थ नमस्कार होतो की श्रद्धांजली, हे मला आजवर कळलेलं नाही.

संध्याकाळी शेजारचे वकीलसाहेब स्वतःहून आले. एरवी ते पेपर मागायलाच येतात.

“कलम १३८,” ते सोफ्यावर बसत म्हणाले. “दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुप्पट दंड, किंवा दोन्ही.”

“पण साहेब, खात्यात पैसे होते!”

“खातं बंद म्हणजेही त्या कलमात येते. सुप्रीम कोर्टानं १९९९ सालीच सांगून ठेवलं आहे.”

“पण मी कुठं बंद केलं? बँकेनं केलं!”

“तो बचाव झाला. बचाव नंतर असते.” मग माझा चेहरा पाहून त्यांना दया आली असावी. “घाबरू नका. आधी नोटीस येते. नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवसांत पैसे देऊन टाकले का विषय संपला.”

“आणि नाही दिले तर?”

“तर मी आहोच ना,” असं म्हणून त्यांनी चहाचा कप उचलला. बायकोनं त्याच मिनिटाला तांदळाच्या डब्यातून नोटा काढून सेक्रेटरींकडे पोचवल्या.

दुसऱ्या दिवशी बर्डीच्या शाखेत गेलो. पारा ४५ च्या घरात. डोक्याला आणि तोंडाला पांढरा दुपट्टा, डोळ्यांवर गॉगल. नागपुरात मे महिन्यात बँकेत शिरणारा प्रत्येक इसम दरोडेखोरच दिसतो, पण गार्ड कोणाला अडवत नाही. तो स्वतःही तसाच बांधून बसलेला असतो. शिवाय पँटच्या खिशात कांदा. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवायचा, हे माझ्या आईनं सांगितलेलं. त्याचा उपयोग होतो का मला माहीत नाही, पण आजवर ऊन लागलेलं नाही, त्यामुळे प्रयोग थांबवायची हिंमतही होत नाही.

आत एसी. रांगेतल्या खुर्च्यांवर बसलेल्यांपैकी निम्मे लोक कामाला आलेलेच नव्हते. एका आजोबांनी तर टोकन खिशात ठेवून स्वतःचा नंबर दोनदा जाऊ दिला. माझा नंबर आला तेव्हा काउंटरवरच्या मॅडमनी खातं क्रमांक टाकला, भुवया वर केल्या, पुन्हा टाकला.

“खातं दिसूनच नाही राहिलं तुमचं.”

“मला पण दिसून नाही राहिलं. म्हणूनच आलो.”

“आधार द्या.”

मी घाईत खिशातून आधार ओढलं. आधारासोबत कांदा आला. तो काउंटरवर पडला, काचेखालच्या फटीतून पलीकडे घरंगळला आणि मॅडमच्या शिक्क्यांच्या पॅडला टेकून थांबला. त्या फटीतून मी २७ वर्षं पैसे सरकवले होते, पण इतक्या सहजतेनं काहीच पलीकडे गेलं नव्हतं. मॅडमनी कांदा पाहिला, मला पाहिलं, कांदा बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, “मॅनेजरसाहेबांना भेटा.”

मॅनेजरसाहेब तरुण होते, पाच महिन्यांपूर्वी बदलून आलेले. त्यांनी शांतपणे स्क्रीन माझ्याकडे वळवली.

“सर, आपल्या नावावर दोन सीआयएफ होते, म्हणजे दोन ग्राहक क्रमांक. सिस्टिमनं मर्ज केले. तुमचं दुसरं एक खातं आहे ना आपल्याकडे, जनधनचं.”

“माझं? जनधन?”

आणि मग मला तो ऑगस्ट आठवला.

२०१४. योजना २८ ऑगस्टला सुरू व्हायची होती, आणि त्याच्या आधीपासून बँकेत तंबू ठोकल्यासारखी धांदल होती. तेव्हाचे मॅनेजर माझ्या ओळखीचे. मी पासबुक भरायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरला. डोळे लाल. “भाऊ, एक सही करा. टार्गेट पुरं होऊन नाही राहिलं.” मी म्हटलं, माझं खातं आहे. ते म्हणाले, “असू द्या ना, कागदच तर आहे.” मी सही केली. पुढं कळलं की २३ ते २९ ऑगस्ट या एका आठवड्यात देशभर १,८०,९६,१३० खाती उघडली गेली आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. त्यातलं एक माझं. शाळेत लिंबू-चमच्यातही नंबर न आलेला माणूस मी, जागतिक विक्रमात मात्र आहे. पासबुक कुठं गेलं देव जाणे. त्या खात्यात एक रुपया मी कधी टाकला नाही, त्यातून काढला नाही.

“त्या प्रकारच्या खात्याचा नियम असा आहे,” मॅनेजरसाहेब सांगू लागले, “की ते असलं की त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. असेल तर ३० दिवसांत बंद करायचं.”

“पण ते तीस दिवस २०१४ मध्येच संपले की!”

“हो ना सर. उशीर झाला म्हणूनच मग तातडीनं केलं.”

या वाक्यापुढे मी निरुत्तर झालो. सरकारी भाषेत इतकं गोळीबंद वाक्य क्वचित ऐकायला मिळतं.

“मग कळवायचं तरी!”

“कळवलं ना. पत्र पाठवलं.” पत्ता महाल भागातल्या भाड्याच्या घराचा होता. ते घर सोडून मला नऊ वर्षं झाली. “आणि तीन मेसेज.”

मेसेज. तो शब्द ऐकला आणि माझ्या पोटात गोळा आला. ‘आपले खाते बंद होणार आहे, त्वरित शाखेशी संपर्क साधा.’ आले होते तसे मेसेज. असे मेसेज मला रोज येतात, वीजबिलाचे, पार्सलचे, अडकलेल्या केवायसीचे, सगळे भामट्यांचे. मी तिन्ही मेसेज ब्लॉक केले होते. एवढंच नाही, तर कुटुंबाच्या ग्रुपवर टाकून खाली लिहिलं होतं: सावधान! असल्या मेसेजला बळी पडू नका, लगेच १९३० वर कळवा. माझ्या मेव्हण्यानं त्यावर ‘जागरूक नागरिक’ असं लिहून टाळ्या वाजवल्या होत्या. गेल्या कैक वर्षांत बँकेनं मला पाठवलेला एकमेव कामाचा मेसेज मी फसवणूक म्हणून पंचवीस लोकांना दाखवला होता.

मी आवाज शक्य तितका खाली आणून विचारलं, “माझे पैसे?”

“सुरक्षित आहेत सर. जनधन खात्यात वळते केले.”

“मग काढून द्या.”

“तेच तर. ते खातं इनऑपरेटिव्ह आहे. दोन वर्षं ग्राहकानं व्यवहार केला नाही की खातं तसं होतं. तुमचं तर दहा वर्षं वापरातच नव्हतं.”

थोडा वेळ एसीचा आवाज ऐकला. म्हणजे माझं चालतं-बोलतं खातं यांनी बंद केलं, आणि त्यातले पैसे नेऊन एका मेलेल्या खात्यात ठेवले. एखाद्याला चालत्या बसमधून उतरवून, डेपोत विटांवर उभ्या केलेल्या बसमध्ये बसवावं आणि सांगावं, सीट मिळाली ना!

“पैसे जाऊ शकतात, पण येऊ नाही शकत,” दारात उभे असलेले शिपाईकाका म्हणाले. ते निवृत्तीला आले होते आणि त्या शाखेत पूर्ण वाक्य बोलणारे तेवढेच.

खातं जिवंत करायला एक पैसा लागत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, हे मॅनेजरसाहेबांनी अभिमानानं सांगितलं. कागद पूर्ण असले तर तीन कामाच्या दिवसांत व्हायला हवं. मेलेल्या अवस्थेतही व्याज मिळतं. मला एकदम असं वाटलं की माझ्यापेक्षा माझ्या खात्याचं परलोकातलं भलं झालं आहे.

‘कागद पूर्ण असले तर’ यात सगळी गोम होती. फॉर्म भरला, फोटो चिकटवला, आधार-पॅनच्या झेरॉक्सवर सह्या केल्या. मॅडमनी २०१४ ची सही स्क्रीनवर काढली आणि मान हलवली.

“मॅच नाही होऊन राहिली.”

२०१४ ची सही मी मॅनेजरच्या टेबलाच्या कोपऱ्यावर, उभ्यानं, एका हातात हेल्मेट धरून केली होती. तिच्यात पहिलं अक्षर आणि मग नुसती एक लाट. आत्ताची सही व्यवस्थित, आडनावासकट.

“तशी करून पाहा,” मॅडम म्हणाल्या आणि पैसे भरायच्या स्लिपा उलट्या करून दिल्या. मी बसून केली, नाही जमली. लाटेला फार जास्त शिस्त आली. मग उभा राहिलो. शिपाईकाकांनी मागच्या रांगेतल्या एका पोट्ट्याचं हेल्मेट मागून आणलं आणि माझ्या डाव्या हातात दिलं. रांगेतले लोक आता काम सोडून बघत होते. टोकनवाले आजोबा उठून पुढे आले होते. सातव्या स्लिपवर लाट बरोबर उठली. आजोबा म्हणाले, “हाव! हेच.” मॅडमनी स्क्रीनकडे पाहिलं, स्लिपकडे पाहिलं, शिक्का मारला. मला उगाच वाटलं की लोक टाळ्या वाजवतील. कोणी वाजवल्या नाहीत.

त्यानंतर तीन दिवसांचे सहा झाले. एकजण संगणकात भरतो, दुसरा तपासून मंजूर करतो. भरणारे जेवायला गेले की तपासणारे जागेवर, आणि भरणारे आले की तपासणारे लग्नाला अमरावतीला. वकीलसाहेब रोज रात्री लोकपालाची आठवण करून देत होते. मी त्यांच्याकडून समजून घेतलं. आधी बँकेकडे लेखी तक्रार करायची, ३० दिवस वाट पाहायची, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. मला आनंद झाला. रिझर्व्ह बँकेचं नागपूरचं कार्यालय रोजच्या वाटेवर आहे, संविधान चौकात. जुने लोक अजून त्याला आरबीआय चौकच म्हणतात. मी म्हटलं, जाताजाता अर्ज टाकून येतो.

“इथं नाही,” वकीलसाहेब म्हणाले. “ऑनलाइन करा, नाहीतर पोस्टानं पाठवा. चंदीगडला.”

देशाचा झिरो माइल आमच्याकडे, रिझर्व्ह बँकेची इमारत आमच्याकडे, आणि बर्डीच्या शाखेची तक्रार चंदीगडला. तक्रार राहिलीच. सातव्या दिवशी फोन किणकिणला: आपले खाते सक्रिय झाले आहे. मी आधी तो मेसेज ब्लॉक करणार होतो.

खात्री करायला शाखेत गेलो. शिपाईकाकांनी दारातच माझा कांदा परत दिला. त्याला आता हिरवा कोंब फुटला होता. मॅडमनी पासबुक छापून दिलं, कोरं करकरीत, पहिल्याच ओळीत ८७ हजार ४१३ रुपये. मी निघालो, तर मॅनेजरसाहेब केबिनमधून बाहेर आले. डोळे लाल होते.

“सर, एक मिनिट. अपघात विम्याचा फॉर्म आहे. वर्षाला वीस रुपये फक्त. टार्गेट पुरं होऊन नाही राहिलं.”

त्यांनी पेन पुढं केलं. मी हेल्मेट डाव्या हातात घेतलं आणि विचारलं, “सही कोणती करू? २०१४ची की आत्ताची?”