दिवसअखेरची गोष्ट

परवा मी एका सहकाऱ्यांना विचारले, "तो तक्ता उद्यापर्यंत मिळेल का?" 'हो' किंवा 'नाही' एवढ्यावर भागण्याजोगा प्रश्न होता, परंतु आलेल्या ईमेलमध्ये त्या दोहोंपैकी एकही शब्द नव्हता. "सध्या बँडविड्थचा इश्यू आहे, पण स्टेकहोल्डर्सशी अलाइन होऊन सर्कल बॅक करतो," असे त्यांनी कळवले होते. बँडविड्थ म्हणजे लहरींच्या पट्ट्याची रुंदी आणि ती हर्ट्झमध्ये मोजतात, एवढे मला ठाऊक होते. त्यामुळे या गृहस्थांना नेमके किती हर्ट्झ कमी पडत आहेत, हे विचारण्याचा मोह मी मोठ्या कष्टाने आवरला.

स्टेकहोल्डर कोण, याचा शोध घेण्यात दोन दिवस गेले. अखेर असे निष्पन्न झाले की, त्या तक्त्याशी काडीचाही संबंध असलेला इसम कचेरीत एकच होता आणि तो मी होतो. म्हणजे तक्ता मला देण्यापूर्वी त्यांना माझ्याशीच अलाइन व्हायचे होते, आणि त्यासाठी भरवलेल्या बैठकीचे निमंत्रण यथावकाश मलाही आले. तिथे 'डीप डाइव्ह' घेण्याचे ठरले, तो वरवरच घेतला गेला, आणि तक्त्याचा विषय निघताच "हे आपण ऑफलाइन घेऊ" असे म्हणून सगळे उठले.

'डेडलाइन' या शब्दाची तर मला कीव येते. अमेरिकी यादवी युद्धात, १८६४ साली, अँडरसनव्हिलच्या युद्धकैद्यांच्या छावणीत ज्या रेषेपलीकडे पाऊल टाकणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालत, तिला 'डेडलाइन' म्हणत. आमच्याकडे ती सगळेच ओलांडतात आणि कोणाच्या केसालाही धक्का लागत नाही. उलट रेषेलाच चार पावले मागे सरकायला सांगतात. 'जमणार नाही' हे दोन शब्द उच्चारावे लागू नयेत, एवढ्याचसाठी ही सारी भाषा जन्माला आली असावी, असा माझा दाट संशय आहे.

आठवड्याने साहेबांनी मला विचारले, "तक्त्याचे काय झाले?" मिळालेला नाही, असे लिहायला मी बसलो खरा, पण बोटांनी परस्पर टंकले, "वर्क इन प्रोग्रेस आहे, ईओडीपर्यंत अपडेट शेअर करतो." मिनिटाभरात "ग्रेट, थँक्स" असे उत्तर आले. ईओडी म्हणजे दिवसअखेर. कोणत्या दिवसाची, ते त्यांनी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.