‘५० जीबी सांगून ४३च दिले’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. एक तारा देऊन तुम्ही तीन तक्रारी मांडल्या आहेत. आमच्या ५० जीबीच्या सर्व्हर प्लॅनमध्ये ४३च वापरता येतात. ६ जीबीची लॉग फाइल (सर्व्हरच्या नोंदींची फाइल) उडवूनही जागा सुटली नाही. आणि ‘डीएफ’ (डिस्कवरची मोकळी जागा दाखवणारी कमांड) १४ जीबी शिल्लक दाखवत असताना साइट ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ म्हणून बंद पडली. काम अडलंय ते तिसरीमुळे, म्हणून आधी ती.

एवढी जागा असताना ही एरर आली, तर बहुतेक वेळा आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदी, संपलेले असतात. ईएक्सटी४वर (लिनक्समधली डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत, म्हणजे फाइल सिस्टिम) प्रत्येक फाइलला एक आयनोड लागतो, मग ती शून्य बाइटची का असेना. आयनोड किती, हे फॉरमॅट करतानाच ठरतं: दर १६,३८४ बाइटमागे एक, म्हणजे ५० जीबीला साधारण साडेतीस लाख. सेशन आणि कॅशेच्या (साइटने तात्पुरत्या साठवलेल्या) चिमुकल्या फाइली कोणी साफ करत नसेल, तर हा आकडा जागेच्या कितीतरी आधी संपतो.

‘डीएफ -आय’ चालवा. वापराच्या रकान्यात १०० टक्के दिसले, तर निदान पक्कं. आणखी एक खूण म्हणजे जुन्या फाइलीत मजकूर जोडता येतो, पण ‘टच’ने नवी रिकामी फाइलसुद्धा बनत नाही. फाइलींची गर्दी कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते ‘डीयू --आयनोड्स -एक्स’चं आउटपुट ‘सॉर्ट -एन’मधून काढलं की शेवटच्या ओळींत दिसेल. त्या फोल्डरमध्ये ‘आरएम’ला (फाइल पुसणारी कमांड) तारांकन, म्हणजे ‘सगळ्या फाइली’, देऊ नका, लाखो नावं एका कमांडमध्ये मावत नाहीत. ‘फाइंड’ला फोल्डर, ‘-टाइप एफ’ (फक्त फाइली), ‘-एमटाइम +७’ (आठवड्याहून जुन्या) आणि सगळ्यात शेवटी ‘-डिलीट’ द्या. हा क्रम कृपा करून सांभाळा: ‘-डिलीट’ आधी आलं, तर वयाची अट तपासायच्या आतच सगळं पुसलं जातं.

लॉग फाइलचं कारण वेगळं आहे. ‘आरएम’ फक्त नाव काढतो. सर्व्हरच्या प्रोसेसने (चालू प्रोग्रामने) फाइल उघडी धरली आहे तोवर तिने व्यापलेली डिस्कवरची जागा सुटत नाही, म्हणून नाव असलेल्या फाइलीच मोजणारा ‘डीयू’ २३ जीबी वापर म्हणतो आणि ‘डीएफ’ २९. ‘एलएसओएफ +एल१’ अशा बिननावाच्या फाइली प्रोसेस क्रमांकासह दाखवतो. ती सेवा रीस्टार्ट केली की ६ जीबी परत येतील. पुढच्या वेळी चालू लॉग उडवू नका. ‘ट्रंकेट -एस ०’ने रिकामा करा, किंवा त्याहून बरं म्हणजे लॉगरोटेट (जुने लॉग आपोआप बाजूला काढून पुसणारा प्रोग्राम) लावा.

आता ४३चा हिशेब. आमचे ५० जीबी दशमान आहेत, ५० अब्ज बाइट. ‘डीएफ -एच’ १,०२४च्या पटीत मोजतो, त्या मापाने ते ४६.६ होतात. आयनोडचा तक्ता (प्रत्येकी २५६ बाइट) आणि जर्नल (बदलांची नोंदवही) मिळून एक जीबीच्या आसपास जातात, आणि ५ टक्के, म्हणजे २.३, रूटसाठी (सर्व्हरच्या मुख्य खात्यासाठी) राखीव असतात. ही राखीव जागा वाया जात नाही. डिस्क भरली तरी लॉगिन करून साफसफाई करता येते ती तिच्यामुळे, आणि अगदी काठोकाठ भरलेल्या डिस्कवर नव्या फाइलींचे तुकडे पडू लागतात, तेही त्यामुळे कमी होतं. तरी ५० जीबीला ५ टक्के जास्तच. राखीव जागा १ टक्क्यावर आणणारा ‘ट्यून२एफएस -एम १’ डिस्क माउंट (वापरात) असतानाच चालतो आणि जवळपास दोन जीबी हातात येतात. राखीव जागा शून्य मात्र फक्त निव्वळ डेटाच्या व्हॉल्यूमवर (डिस्कच्या वेगळ्या भागावर) करा, सिस्टिमच्या नाही.

हा हिशेब प्लॅनच्या पानावर नव्हता आणि आमच्या पॅनेलवर आयनोडचा वापर दिसतच नाही. या दोन्ही चुका आमच्या आहेत, त्याबद्दल मनापासून माफी. पानावरचा मजकूर बदलत आहोत, पॅनेलवर आयनोडची पट्टीही येईल.

साफसफाईनंतरही फाइली लाखांनी वाढणार असतील, तर चालू फाइल सिस्टिममधलं आयनोडचं प्रमाण बदलता येत नाही. डिस्क मोठी केली की आयनोड वाढतात, पण त्याच प्रमाणात. तुमच्यासाठी दर ८,१९२ बाइटमागे एक आयनोड असलेला वेगळा व्हॉल्यूम विनामूल्य बनवून देऊ. त्यात तक्ता दुप्पट, म्हणजे सुमारे दीड जीबी खाईल. एक्सएफएस (दुसरी फाइल सिस्टिम) घेतलं तर आयनोड गरजेप्रमाणे तयार होतात. कॅशेसाठी मी तेच सुचवेन. तिकिटात हवा तो पर्याय कळवा. फाइली नव्या व्हॉल्यूमवर हलवताना आधी साइट चालू ठेवून ‘आरसिंक’ची (फाइलींची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामची) एक फेरी करू, मग सेवा थांबवून दुसरी, म्हणजे बंद राहण्याचा वेळ थोडाच असेल.