रहिवाशांना न उठवता परिसर मंच कसा चालवावा

परिसर मंच काढणं सोपं असतं, तो रहिवाशांपासून जपणं कठीण. पुण्यात असे मंच गल्लोगल्ली निघतात. ज्यांत रहिवासी खरोखर शिरतात त्यांची गत ठरलेली असते. कोणीतरी नकाशा मागतं, कोणीतरी एस्टिमेट मागतं, क्षेत्रीय कार्यालयातल्या उपअभियंत्यांना पंखा सोडून रस्त्यावर यावं लागतं आणि मंचाच्या वर्धापनदिनाला दरवर्षी आनंदाने येणारे साहेब फोन उचलेनासे होतात. तुमच्या मंचावर ही वेळ येऊ नये म्हणून हा खटाटोप.

पहिली दोन वर्षं नोंदणीत घालवा. संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली किमान सात सभासद लागतात. त्यांतून अध्यक्ष, कार्याध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, खजिनदार केले की एक साधा सभासद उरतो, त्याला मार्गदर्शक करा. मग घटना, बोधचिन्ह, लेटरहेड, रबरी शिक्का. हरकत नोंदवायला किंवा माहिती मागायला मंचाची नोंदणी मुळीच लागत नाही, कोणीही माणूस साध्या कागदावर अर्ज लिहून देऊ शकतो, ही गोष्ट मात्र बाहेर फुटू देऊ नका. लोक लगेच लिहायला बसतील.

बैठक बुधवारी सकाळी अकराला घ्या. नोकरदार आपोआप गळतात. संध्याकाळी घ्यायचीच झाली तर साडेसातला, म्हणजे पोळ्या लाटणाऱ्या बायका येणार नाहीत आणि "महिलांचा प्रतिसाद अल्प" असं इतिवृत्तात लिहिता येईल. भाडेकरूंना बोलावू नका, ते कर भरत नाहीत असं समजून चाला (घरभाड्यातून तो कोणाच्या खिशातून जातो हा वेगळा विषय). नाल्याकडेच्या वस्तीला तर "आपला परिसर" या शब्दांतच बाहेर ठेवता येतं, हद्द आखायचीही गरज नाही. कार्यक्रमपत्रिकेत चौदा विषय घ्या, पाण्याचा तेरावा. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, सत्कार आणि मनोगत यांत सव्वा तास सहज जातो. चहा सुरुवातीलाच द्या. चहासाठी थांबलेले लोक शेवटी प्रश्न विचारतात, असा सार्वत्रिक अनुभव आहे.

व्हॉट्सॲप ग्रुप हवाच. तिथे खड्ड्याचा फोटो आला की त्याखाली चाळीस अंगठे उमटतात, चाळीस माणसांना काहीतरी केल्याचं समाधान मिळतं आणि कार्यालयात एकही कागद जात नाही. कोणी जागा, दिव्याच्या खांबाचा क्रमांक आणि तारीख घालून लेखी तक्रार करायला निघालाच तर त्याला आवक-जावक खिडकी दाखवा, पण दुसरी प्रत न्यायला सांगू नका. दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख पडते, तिला पोच म्हणतात. पोच असली की पुढच्या पत्राला "संदर्भ" मिळतो, आणि संदर्भ असलेलं पत्र फायलीत लागतं. पोच नसलेलं पत्र हे फक्त साहेबांच्या टेबलावरचं वजन असतं.

आता विकास आराखडा, म्हणजे शहरात कोणती जागा रस्ता, बाग, मैदान किंवा शाळेसाठी राखायची (यालाच आरक्षण म्हणतात) ते ठरवणारा नकाशा. इथे मंचाची खरी कसोटी लागते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम २६ प्रमाणे प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी तीस दिवस मिळतात. त्यांची वाटणी अशी करा. पहिले दहा दिवस अभ्यासगट नेमण्यात. पुढच्या दहांत अख्ख्या शहराचा नकाशा एकाच फोटोत मावेल असा काढून ग्रुपवर टाका. मोठा करून पाहिला की फक्त पिवळा आणि हिरवा ठिपका दिसला पाहिजे. शेवटच्या दहांत "नगरनियोजन : काल, आज आणि उद्या" हे व्याख्यान ठेवा. एकतिसाव्या दिवशी मोर्चाने जाऊन निवेदन द्या. वरातीमागून घोडं असलं तरी फोटोत घोडंच दिसतं, वरात कधी गेली ते दिसत नाही.

मुदतीत हरकत द्यायची दुर्बुद्धी झालीच तर छापील नमुना काढा. पुण्याच्या जुन्या हद्दीचा प्रारूप आराखडा २०१३ मध्ये आला तेव्हा सुमारे ८७ हजार हरकती-सूचना आल्या होत्या, त्यामुळे आकड्याने डोळे दिपवायचा मोह समजण्यासारखा आहे. नमुन्यात "आमच्या परिसरातील आरक्षणांस आमचा तीव्र विरोध आहे" एवढंच वाक्य ठेवा आणि खाली नावासाठी रेघ. मजकूर एकच असला की सगळ्या प्रती एका गठ्ठ्यात जातात आणि त्यांचा निकाल एका ओळीत लागतो. चुकूनही सिटी सर्व्हे नंबर, नकाशाच्या शीटचा क्रमांक किंवा आरक्षणाचा क्रमांक लिहू नका. "हा रस्ता बारा मीटरऐवजी नऊचा ठेवा, कारण पूर्वेला शाळेची भिंत आहे, सोबत मोजणीची प्रत जोडली आहे" अशी हरकत नियोजन समितीला वाचावी लागते, आणि फेटाळायची तर काहीतरी कारण शोधावं लागतं. सरकारी माणसाला असं छळू नये.

सुनावणीला सगळ्यात ज्येष्ठ सभासदाला पाठवा. वाट्याला मिनिटं मोजकी येतात. ज्येष्ठांनी १९६१ च्या पानशेतच्या पुरापासून सुरुवात केली तर ते खडकवासल्यापर्यंत पोचायच्या आत पुढचं नाव पुकारलं जातं. त्यांच्या हातात मुद्द्यांचा एक पानी कागद देणं म्हणजे त्यांचा अपमान. आणि कोणी निराश झालंच तर त्या आराखड्याचं पुढे काय झालं ते सांगा: २०१५ मध्ये राज्य सरकारने तो महापालिकेच्या हातून काढून घेतला आणि जानेवारी २०१७ मध्ये मंजुरी दिली. आराखडा होता २००७ ते २०२७ या काळाचा. निम्मी मुदत संपल्यावर तो लागू होऊ शकतो, तर तुमची हरकत एक दिवस उशिरा गेली म्हणून काय बिघडलं?

मंजूर झाल्यावर तर आराखड्याकडे बघूच नका. त्याच कायद्याचं कलम ३७ फेरबदलासाठी आहे; त्याची सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रातल्या बारीक अक्षरांत येते, हरकतीला एक महिना असतो. आणि कलम १२७ तर निवांतपणाचा कळस. बागेसाठी किंवा मैदानासाठी आरक्षित जागा अंतिम आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत ताब्यात आली नाही, तर मालक महापालिकेला नोटीस देतो, आणि पुढच्या चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण उडतं. शेजारच्या इमारतींना याची वर्दी देण्याचा रिवाज नाही. म्हणून त्या मैदानावर दरवर्षी कोजागिरी करा, मसाला दूध आटवा, मुलांच्या लिंबू-चमचा शर्यती लावा. जागेला १२७ ची नोटीस लागली आहे का, एवढं एका ओळीचं पत्र नगररचना विभागाला लिहू नका. पत्रे ठोकलेले दिसले की कळेलच.

रस्तारुंदीची बातमी आली तर "विकास हवाच" आणि "विकास नकोच" असे दोन तट पाडा, मोजपट्टी कोणालाच घेऊ देऊ नका. २०२० मध्ये पुण्यातले सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करायचा प्रस्ताव महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली आला होता. यामागचं इंगित असं की नऊ मीटरहून अरुंद रस्त्यावर टीडीआर (दुसऱ्या जागेच्या बदल्यात मिळालेला जादा बांधकामाचा हक्क) चढवता येत नव्हता. सहाचे नऊ म्हणजे दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर. दीड मीटर म्हणजे कुणाची कुंपणभिंत, कुणाची बोअरची मोटर, कुणाची दुचाकींची रांग, तर कुणाच्या रखडलेल्या पुनर्विकासाची किल्ली. एकाच गल्लीत नफा आणि नुकसान समोरासमोर राहतात. त्यांना एका खोलीत बसवून प्रत्येक सोसायटीचं किती जातं आणि किती मिळतं ते फळ्यावर लिहिलं तर भांडण संपायचा धोका आहे.

झाडांचं सोपं आहे. नोटीस बुंध्यावर चिकटवलेली असते, हरकतीला साधारण सात दिवस असतात आणि पावसाळ्यात ती दोन दिवसांत लगदा होते. झाडाचा क्रमांक, जात, घेर आणि तोडण्याचं कारण टिपून उद्यान विभागाला लिहिण्यापेक्षा आठव्या दिवशी मानवी साखळी करावी. ओंडक्यांसोबत फोटो चांगले येतात.

पैशाच्या वाटेला मात्र सांभाळून जा. पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी कामं सुचवायची सोय २००६-०७ पासून आहे. एका कामाला पाच लाखांची मर्यादा, साधा अर्ज, मुदत बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरात संपते. या दिवसांत मंच गणपतीत बुडालेला असतो, ही देवाचीच कृपा. अर्ज करायचाच असेल तर मार्चमध्ये करा, किंवा "परिसराचा सर्वांगीण विकास" असं काम सुचवा, किंवा सोसायटीच्या आतल्या रस्त्याचं डांबरीकरण मागा. खासगी जागेवर महापालिकेचा पैसा खर्च होत नसल्याने तो पहिल्याच चाळणीत गळतो. "अमुक शाळेच्या फाटकापासून बसथांब्यापर्यंत तुटलेला पदपथ, लांबी ४० मीटर, मोकळी रुंदी १.८ मीटर हवी, वाटेत बंद पडलेला फीडर पिलर (विजेची पेटी) आहे तो हलवा" असा अर्ज गेला तर त्याचं एस्टिमेट होऊ शकतं. मग लोकांना चटक लागते आणि पुढच्या वर्षी ते स्वतःच फॉर्म आणतात.

त्यापेक्षा "स" यादीतली, म्हणजे नगरसेवकाच्या निधीतली, बाकडी मागा. बाकड्यावर देणाऱ्याचं नाव पाठीशी असतं, बसणाऱ्याला टोचत नाही.

काम प्रत्यक्ष सुरू झालं की मंचाने नारळ फोडायला हजर राहावं आणि डांबर पडताना घरी असावं. जुना थर खरवडून मग नवा टाकायचा असतो. खरवडणं एस्टिमेटमध्ये असतं, रस्त्यावर ते असेलच असं नाही. न खरवडता पाच सेंटीमीटरचा थर चढला, पुन्हा तीन-चार वर्षांनी चढला, पुन्हा चढला, की रस्ता पदपथाला भेटायला येतो. ड्रेनेजचं झाकण मात्र जुन्याच पातळीवर राहतं, दुचाकीचं पुढचं चाक त्यात बरोबर बसतं. पावसाळी गटाराच्या जाळीच्या निम्म्या फटी डांबराने बुजलेल्या असतात. पहिल्या वळवाला पाणी उतार शोधत सोसायटीच्या पार्किंगमध्ये येतं, लिफ्टच्या खड्ड्यात साचतं, आणि सभासद आपापसांत वर्गणी काढून पंप आणतात. गेटला उंबरा बांधावा की दोन, यावर मंचाने चर्चासत्र ठेवायला हरकत नाही. रस्त्याच्या कडेला लोखंडी पट्टी धरून थर मोजणाऱ्या आणि खरवडण्याआधीचे-नंतरचे फोटो तारखेसह काढणाऱ्या मुलाला अभ्यासाला बसवा.

माहितीचा अधिकार वापरायचा तर मनसोक्त वापरा. "रस्ता इतका खराब का? याला जबाबदार कोण? आपणास लाज वाटते का?" दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून हे विचारलं की तीस दिवसांत "प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही" असं सुरेख उत्तर येतं, कारण कायदा अभिलेखातली माहिती देतो, खुलासे आणि भावना नव्हे. अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा असा राज्याचा नियम आहे. तुम्ही चार पानी लिहा, पाणी, रस्ता, भटकी कुत्री आणि परराष्ट्र धोरण एकत्र घ्या. "अमुक चौक ते तमुक चौक, कार्यादेशाची प्रत, मंजूर एस्टिमेट, मोजमाप पुस्तिकेची पानं, दोषदायित्व कालावधी संपण्याची तारीख" असा चार ओळींचा अर्ज हे अविचाराचं लक्षण. ती शेवटची तारीख हाती लागली की खड्डा ठेकेदाराने स्वखर्चाने बुजवायचा आहे हे लोकांना कळतं, आणि पुन्हा निविदा काढायची एक संधी हुकते. नाही उत्तर आलं तर तीस दिवसांच्या आत वीस रुपयांच्या स्टँपवर पहिलं अपील असतं, तेही विसरा.

२०१८ च्या शासन परिपत्रकाने दर सोमवारी दुपारी तीन ते पाच महापालिकेत फायली बघायला मोकळीक दिली आहे. मंचाची एखादी जादा बैठक सोमवारी चारला ठेवली तर हा प्रश्नही सुटतो.

राहता राहिले नगरसेवक. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं ते नव्हतेच, प्रशासक होते, त्यामुळे कोणाला भेटायचं हा पेच नव्हता. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर प्रभागात पुन्हा चार-पाच जण झाले आहेत. त्यांना एकत्र बोलावून ड्रेनेजचं विचारू नका. एकत्र आले तर "ते काम त्यांच्याकडे" असं म्हणता येत नाही. वेगवेगळ्या संध्याकाळी बोलवा, प्रत्येकाला तेच निवेदन द्या, प्रत्येकाकडून तेच आश्वासन घ्या. महापालिका कायद्यात २००९ पासून क्षेत्रसभेची तरतूद आहे, मतदारांनी एकत्र बसून आपल्या भागातली कामं सुचवायची सभा, हे एखादा वकील सभासद उठून सांगेल. त्याला क्षेत्रसभा उपसमितीचा निमंत्रक करा आणि उपसमितीला दुसरा सभासद देऊ नका. सत्काराच्या शाली मात्र आधी रंग विचारून आणा. भगवी, हिरवी, निळी किंवा पांढरी, चुकीच्या खांद्यावर गेली तर मंचात फूट पडते.