आम्ही इंदूरचे मराठी, आम्ही तर रील करणारच

आमच्या मराठी मंडळाने रील केलं, तर या वयात ते शोभतं का, असं मंडळाच्या ग्रुपवर एका काकांनी विचारलंय. तिथे उत्तर दिलं तर वाद आठवडाभर चालेल आणि मधेच कुणीतरी सुप्रभातचं फूल टाकेल. म्हणून इथेच लिहिते.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी. 2024 च्या सुरुवातीला जगभर एक ट्रेंड फिरत होता. "आम्ही नर्स, आम्ही तर अमुक करणारच." "आम्ही शिक्षक, आम्ही तर तमुक करणारच." एकेक जण कॅमेऱ्यासमोर येतो, एक वाक्य बोलतो, कट, पुढचा. नाच नाही, उसन्या आवाजावर ओठ हलवणं नाही. आमच्या मंडळापर्यंत तो पोचला तेव्हा बाकीचं जग तो विसरलंही होतं. असू दे. आमच्या कार्यक्रमाला प्रमुख पाहुणे तरी कुठे वेळेवर येतात?

मला तर हा प्रकार बघताक्षणी ओळखीचा वाटला. उखाण्याचंही हेच असतं. "चांदीच्या ताटात" म्हटलं की शेवटी नाव येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी बायका कान टवकारतात, कारण ताटात यंदा काय पडतंय ते ऐकायचं असतं. ज्या बायका हळदीकुंकवाला उभ्या उभ्या उखाणे रचत आल्या, त्यांना दोन-तीन सेकंदांचं वाक्य जमणार नाही, असं कुणाला वाटलं कोण जाणे. अडले ते कॉलेजचे. त्यांना आधी "रेफरन्स" पाहिजे होता.

खरा वाद झाला तो काय बोलायचं यावरून. माझी भाची यादी घेऊन आली: पोहे-जिलबी, सराफा आणि छप्पन दुकान हे खाऊबाजार, स्वच्छतेत पहिला नंबर. सगळं खरंच आहे. 2017 पासून सलग सात सर्वेक्षणांत पहिले आलो, आम्हाला अभिमान आहेच. पण ही यादी दोन दिवस इंदूर फिरून गेलेला कुठलाही व्लॉगवाला वाचून दाखवेल. तीत आम्ही कुठे आहोत? भाचीचं म्हणणं, आत्या, घरातलं काही टाकलं तर बाहेरच्यांना कळणार नाही, व्ह्यूज येणार नाहीत.

न कळू दे! माझं मत पक्कं आहे. विनोद ज्याला कळणार त्याच्यासाठी करावा. सगळ्यांना कळेल असं बघत बसलं की शेवटी "आम्ही तर पाच मिनिटांत निघतो म्हणणार आणि तासाने निघणार" एवढंच उरतं. ते तर कोल्हापूर ते कोलकाता कुठेही चालतं.

पोह्यांचंच घ्या. ठेल्यावरचे पोहे वाफेवर ठेवलेले, बडीशेपेचा वास, वरून जिरावन, म्हणजे इथला चटपटीत मसाला, आणि मूठभर शेव. घरचे पोहे म्हणजे कांदा, ओलं खोबरं, लिंबू. आमच्या बशीत खोबरं पडतं आणि त्यावर शेवही पडते. आजी होती तोवर ती शेव आजीची पाठ फिरल्यावर पडायची. हे वाक्य ठेवलं. "आम्ही इंदूरचे मराठी, आम्ही तर 'मूळचे कुठले?' याला 'इंदूरचे' म्हणणार आणि समोरचा 'हो, पण मूळचे?' विचारणार," हेही ठेवलं. होळकरांची राजधानी 1818 मध्ये इंदूरला आली, तरी या प्रश्नातून आमची सुटका नाही.

सगळ्यात चांगलं वाक्य मात्र आपोआप मिळालं. एका वहिनींचं होतं, "आम्ही तर भाजीवाल्याशी हिंदीत घासाघीस करणार आणि त्याला नावं मराठीत ठेवणार." खऱ्या ठेल्यापाशीच शूटिंग चाललं होतं. वहिनींनी हिंदीत भाव विचारला, मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लुटायला बसलाय नुसता." भाजीवाला मेथीची जुडी झटकत म्हणाला, "ताई, लुटत नाही हो, खरेदीच तेवढ्याची आहे." वहिनींचा चेहरा कॅमेऱ्यात आलाय. त्याला विचारून ते तसंच ठेवलं. तो गेली कित्येक वर्षं मराठी कॉलनीत ठेला लावतोय, आमचं सगळं ऐकून बसलाय.

ॲपने आपोआप टाकलेल्या अक्षरांनीही हातभार लावला. "आम्ही तर प्रवासात जिरावनाची पुडी पर्समध्ये ठेवणार" याचं त्याने "जीवनाची पुडी" केलं. भाची सुधारायला निघाली होती, मी हात धरला.

काकांची काळजी मला कळत नाही असं नाही. रीलच्या नावाखाली जे चालतं ते मीही बघते. घरकाम करणाऱ्या बाईची नक्कल, सुनेच्या रंगावर टोमणे, जाड माणसाच्या चालण्यावर हशा. तसलं आम्ही करणार नाही. पण त्यासाठी सगळ्यांच्या हातातून फोन काढून घ्यायची गरज नाही. जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली तेव्हा कितीतरी गावांतल्या बायकांचं हक्काचं स्टेज एका रात्रीत गेलं. पुढच्याच महिन्यात रील्स आलं खरं, पण जमवलेली माणसं मागेच राहिली. त्यांच्या तेव्हाच्या व्हिडिओंना हसणारे आता स्वतः नातवाला मोबाईल धरायला लावतात, हे मी नावं न घेता सांगते.

तर ग्वाल्हेर, बडोदा, धार, देवास, आपापलं करा. अट एकच, "आम्ही खाण्याचे शौकीन" हे वाक्य बाद. बडोद्याच्या मावशीचं आलंसुद्धा: "आम्ही बडोद्याचे मराठी, आमटीत गूळ माहेरचा की गुजरातचा, हे आम्ही तर सांगणारच नाही."

ग्वाल्हेरवाले, वाट बघतेय.