टेफ्लॉनचं ग्रीस किरणांनाही दाद देत नाही म्हणे!

मेंटेनन्सवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "गॅमा प्लांट असो की अणुभट्टी, टेफ्लॉनचं नाहीतर सिलिकॉनचं ग्रीस घाला, काही होत नाही. साधं ग्रीस लगेच जळतं. काढलेलं ग्रीस किरणोत्सारी असतं, हात लावू नका."

(गॅमा प्लांट म्हणजे गॅमा किरणांचा मारा करून माल निर्जंतुक करणारा किंवा टिकवणारा कारखाना.) पहिला दावा चक्क उलटा आहे. टेफ्लॉन उष्णतेला आणि ॲसिडला पुरून उरतं, हे खरं. पण गॅमा किरण रेणूंचे बंध तोडतात, आणि तिथे टेफ्लॉन फारच लेचंपेचं. सिरिंजा निर्जंतुक करायला साधारण 25 हजार ग्रे डोस लागतो (ग्रे म्हणजे शोषलेल्या किरणांचं माप). ट्रॉम्बेच्या आयसोमेड या गॅमा प्लांटमध्ये 1974 पासून हे काम चालत आलं आहे. टेफ्लॉनचं सील हवेत त्याच्या निम्म्या डोसमध्येच ठिसूळ होतं. गंमत म्हणजे ग्रीसमध्ये घालायची टेफ्लॉनची बारीक भुकटी अनेकदा टेफ्लॉनवर किरणांचा मारा करूनच बनवतात! वर फ्लोरिनची संयुगं सुटून धातू गंजतो, तो वेगळाच. सिलिकॉन तेलही खनिज तेलाच्या आधी थिजतं.

साधं ग्रीस जळत नाही. त्यातलं खनिज तेल ढोबळमानाने 10 लाख ग्रेपर्यंत तग धरतं. बिघडतं तेही दोन टप्प्यांत. आधी तेल धरून ठेवणारी साबणाची जाळी मोडते, ग्रीस पातळ होऊन बेअरिंगमधून ओघळतं. (इथेच "गरम झालं असेल" म्हणून निदान चुकतं.) मग तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जातात, हायड्रोजन सुटतो आणि शेवटी डांबरासारखा गोळा उरतो. स्रोताजवळच्या कन्व्हेयरच्या बेअरिंगवर समजा ताशी 1 हजार ग्रे पडत असेल, तर 10 लाखांचा आकडा सलग सहा आठवड्यांत गाठला जातो. लासलगावच्या प्लांटमध्ये कोंब फुटू नयेत म्हणून कांद्याला जेमतेम 60 ते 90 ग्रे देतात, पण कांदा पुढे जातो आणि बेअरिंग तिथेच राहतं. म्हणून ग्रीस बदलायची तारीख महिन्यांवर नाही, साठलेल्या डोसवर ठरवायची. त्याहून चिवट हवं तर पॉलिफिनाइल इथर हे कृत्रिम तेल आहे. त्याच्या रेणूतलं बेंझिनचं कडं किरणांची ऊर्जा पचवतं. किंमत मात्र डोळे पांढरे करणारी.

राहिला किरणोत्साराचा बागुलबुवा. गॅमा प्लांटमधल्या कोबाल्ट-60 या स्रोताच्या गॅमा किरणांनी ग्रीस किरणोत्सारी होत नाही, जसा कांदाही होत नाही. अणुभट्टीत मात्र न्यूट्रॉन असतात, ते वस्तूला किरणोत्सारी करू शकतात, शिवाय किरणोत्सारी धूळ चिकटू शकते. तिथलं ग्रीस तपासल्याशिवाय बाहेर काढत नाहीत.