"क्युबेकमध्ये इंग्रजी बोललं की उपचार नाकारतात" हा मेसेज पुढे पाठवण्याआधी हे वाचा

आठवडाभर झाला, नातेवाइकांच्या एकूण एक ग्रुपवर एकच फॉरवर्ड फिरतोय. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात म्हणे रस्त्यावर इंग्रजी बोलणं गुन्हा आहे, पाटीवर इंग्रजी अक्षर दिसलं की दुकान सील होतं, बाहेरून आलेल्याला सहा महिन्यांत फ्रेंच आलं नाही तर देशाबाहेर काढतात, आणि हॉस्पिटलमध्ये इंग्रजीत बोललात तर उपचारच करत नाहीत. याच्या दोन आवृत्त्या आहेत. एकीच्या शेवटी "महाराष्ट्रानेही असंच करायला पाहिजे", आणि दुसरीच्या शेवटी "बघा फ्रेंचांची दादागिरी, इंग्रजीवाल्यांनी त्यांच्यावर कधीच काही लादलं नव्हतं". मधला मजकूर शब्दशः तोच. म्हणजे कौतुक करणारेही तेच खोटं पाठवतायत आणि शिव्या घालणारेही.

एरवी मी अशा मेसेजला उत्तर देत बसत नाही. पण माझी मावसबहीण इथे क्युबेकमध्येच, मॉन्ट्रियलला असते, सातवा महिना चालू आहे, आणि मावशीने सांगलीहून फोन करून तिला सांगितलं की बाळंतपणाला टोरंटोला मैत्रिणीकडे जा, इथे ऐन वेळी तुझं कोणी ऐकून घेणार नाही. आणि ती पोरगी खरंच विचार करायला लागली होती. साडेपाचशे किलोमीटर, दुसरा प्रांत, तिथे तिची डॉक्टर नाही, फाइल नाही, आरोग्य कार्ड या प्रांताचं. या असल्या मेसेजपायी!

म्हणून हॉस्पिटलचाच मुद्दा आधी. फ्रेंच भाषेची सनद म्हणजे ज्याला सगळे बिल 101 म्हणतात तो कायदा 1977 चा, आणि 2022 मध्ये बिल 96 ने त्यात मोठे बदल केले. हा कायदा सरकारच्या वेबसाइटवर आहे, इंग्रजीतसुद्धा आहे, कोणीही उघडून वाचू शकतं. त्यातलं कलम 22.3 काढा. सरकारी यंत्रणेने फ्रेंचमध्येच व्यवहार करायचा हा नियम, पण आरोग्य, सार्वजनिक सुरक्षा आणि नैसर्गिक न्याय यांच्यासाठी गरज पडेल तिथे दुसरी भाषा वापरता येते असं तिथे सरळ लिहिलंय. शिवाय इंग्रजी भाषकांना आरोग्यसेवा इंग्रजीत मिळण्याचा हक्क इथल्या आरोग्याच्या कायद्यात 1986 पासून आहे. 811 या आरोग्य हेल्पलाइनला फोन केला की नर्स फ्रेंच किंवा इंग्रजीत बोलते, चोवीस तास. मॅकगिलचं हॉस्पिटल, ज्यूइश जनरल, इथे रोज हजारो लोक इंग्रजीत डॉक्टरांशी बोलतात.

आता यात जेवढं खरं आहे तेवढं मान्य करतो. 2024 च्या जुलैमध्ये आरोग्य खात्याने एक फतवा काढला होता, इंग्रजीत सेवा कोणाला आणि कधी द्यायची याचा, आणि त्यातली भाषा अशी होती की वाचणाऱ्याला वाटावं आता दवाखान्यात इंग्रजी बोलायला सर्टिफिकेट दाखवावं लागणार. लोक चिडले, डॉक्टर चिडले, आणि ते चिडले ते बरोबरच होतं. सप्टेंबरमध्ये सरकारने तो बदलला, कोणाकडे कसलाही पुरावा मागायचा नाही हे स्पष्ट केलं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने बहुतेक जुलैची बातमी वाचली आणि सप्टेंबरची वाचलीच नाही. आणि हो, मॉन्ट्रियलच्या बाहेर लहान गावात गेलात तर नर्सचं इंग्रजी मोडकंतोडकं असू शकतं, फॉर्म फ्रेंचमध्ये असतात, त्रास होतो. पण त्रास होणं आणि बाळंतीण बाईला दारातून परत पाठवणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि हा फरक पुसून मेसेज पाठवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. प्रसूतीच्या कळा येत असताना बाई हॉस्पिटलला जायला घाबरली तर जबाबदार कोण?

सहा महिन्यांची गोष्टही त्याच 22.3 मधून उचललीये. तिथे काय आहे, तर नवीन आलेल्या माणसाशी सरकार पहिले सहा महिने दुसऱ्या भाषेत व्यवहार करू शकतं, त्यानंतर पत्रं वगैरे फ्रेंचमध्ये, वर सांगितलेले अपवाद सोडून. बस. माणसाला बाहेर काढण्याचा यात संबंधच नाही, कारण कोणाला देशाबाहेर काढायचा अधिकार प्रांताला नसतोच, तो ओटावाच्या केंद्र सरकारचा. सहा महिने फारच कमी आहेत हे माझंही मत आहे, नोकरी, घर, पोरांची शाळा यातच ते जातात. क्युबेकमधून पर्मनंट रेसिडेन्सी हवी असेल तर फ्रेंचशिवाय फार अवघड, हेही खरं. पण मेसेजमध्ये ते लिहिलेलं नाहीये.

रस्त्यावर बोलण्याबद्दल काय लिहायचं. तुम्ही बायकोशी, मित्राशी, फोनवर कोणत्या भाषेत बोलता याच्याशी या कायद्याला काही घेणंदेणं नाही. कायदा आहे तो सरकारी कामकाज, कंपन्या, दुकानं आणि शाळांसाठी. मेट्रोत मी रोज मराठीत फोनवर बोलतो.

पाट्यांचं मात्र थोडं नीट समजून घेण्यासारखं आहे. 1977 च्या कायद्यात खरंच फक्त फ्रेंच पाट्या होत्या. 1988 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं, पण फ्रेंच ठळकपणे वरचढ असावी असा आग्रह चालेल असंही सांगितलं. क्युबेकच्या तेव्हाच्या बुरासा सरकारने राज्यघटनेतलं 'तरीही' कलम, म्हणजे काही मूलभूत हक्कांच्या आड येणारा कायदाही चालू ठेवू देणारं कलम, वापरून निकाल बाजूला ठेवला, ज्याची मुदत पाच वर्षं असते, आणि 1993 मध्ये शेवटी कोर्टाचं सूत्र स्वीकारलं. 1 जून 2025 पासून नियम असा की दुकानाचं नाव इंग्रजी असलं तर बाहेरच्या दर्शनी भागावर फ्रेंच मजकुराने त्याच्या दुप्पट जागा घेतली पाहिजे. सील नाही, तक्रार होते, नोटीस येते, नाहीच ऐकलं तर कंपनीला 3,000 ते 30,000 डॉलर दंड. अतिरेक झालेत, नाकारत नाही. 2013 मध्ये भाषा कार्यालयाच्या इन्स्पेक्टरने एका इटालियन रेस्टॉरंटच्या मेनूवरच्या 'पास्ता' शब्दावर हरकत घेतली, जगभर बातमी झाली आणि कार्यालयाच्या प्रमुख बाईंना पद सोडावं लागलं.

आणि "इंग्रजीवाल्यांनी कधीच काही लादलं नाही" हे वाचून तर डोकंच फिरलं. मॅनिटोबाने 1890 मध्ये फ्रेंचचा अधिकृत दर्जाच काढून टाकला, आणि 1985 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नुसत्या इंग्रजीत केलेले प्रांताचे सगळे कायदे घटनाबाह्य आहेत. ऑन्टारियोने 1912 मध्ये 17 नंबरचा नियम काढून पहिल्या दोन इयत्तांनंतर शाळेतून फ्रेंच जवळजवळ हद्दपार केली. खुद्द क्युबेकमध्ये, जिथे बहुसंख्य लोक फ्रेंच, तिथे साठच्या दशकात केंद्राच्या आयोगाने कमाईची आकडेवारी काढली तर फ्रेंच वंशाची माणसं 14 गटांमध्ये 12 व्या नंबरवर होती. आपल्याच गावात वरची नोकरी इंग्रजीत, हे ज्यांनी सोसलं त्यांनी बिल 101 आणलं. अख्खा कॅनडा द्विभाषिक असल्याचं चित्रही खरं नाही, केंद्र सरकार द्विभाषिक आहे आणि दहा प्रांतांपैकी अधिकृत द्विभाषिक एकच, न्यू ब्रन्सविक. 2021 च्या जनगणनेत क्युबेकबाहेर दोन्ही भाषा येणारे दहा टक्केसुद्धा नव्हते, क्युबेकमध्ये 46 टक्के. मोहॉक या इथल्या मूळनिवासी लोकांचा बिल 96 ला असलेला विरोध मला जास्त गंभीर वाटतो, त्यांच्यावर आधी इंग्रजी आली, आता फ्रेंच, आणि त्यांच्या भाषेचं काय याचं उत्तर नीट कोणीच दिलेलं नाही. फॉरवर्डमध्ये त्यांचं नावही नाही.

राहिलं "महाराष्ट्रानेही असंच करावं". क्युबेकने जे खरंच केलं ते करा की! बाहेरून आलेल्यांची मुलं फ्रेंच शाळेत गेली, कंपन्यांना आतला कारभार फ्रेंचमध्ये आणावा लागला, आणि मोठ्या माणसांना शिकायला सरकारी खर्चाने वर्ग निघाले, पूर्णवेळ शिकणाऱ्याला वर भत्ता. 2024 मध्ये पैसे पुरले नाहीत म्हणून त्यातले बरेच वर्ग बंद पडले तेव्हा शिकायची इच्छा असलेले लोक वेटिंग लिस्टवर राहिले, आणि त्यावर इथे जोरदार टीका झाली. मराठीसाठी मागणी करायची तर अशा वर्गांची करा, बँकेत आणि कोर्टात मराठी चालेल याची करा. रस्त्यात माणूस अडवून त्याला भाषा विचारायचं कलम क्युबेकच्या कायद्यात नाही, त्याचं नाव त्यासाठी वापरू नका.

मावशीला मी कलम 22.3 चा स्क्रीनशॉट मराठीत समजावून पाठवलाय. तुमच्या ग्रुपवर हा मेसेज आला असेल तर निदान हॉस्पिटलच्या ओळीखाली तेवढं तरी लिहा, कारण त्या ग्रुपवर कोणाची ना कोणाची मुलगी इथे असणारच.