पायदान नंबर एक आणि बंद कूलर

मे महिन्यात, अमळनेरला, भर दुपारी दोन वाजता, पोटात वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी गेलेली असताना जो माणूस कूलर बंद करायला सांगतो तो एकतर गावात नवीन असतो नाहीतर आमचे बापू असतात. बापू म्हणजे माझे सासरे, विज्ञानाचे रिटायर्ड सर. कारण काय, तर कूलरच्या घरघरीत पायदान ऐकू येत नाही.

ज्यांच्या घरात असा प्राणी नाही त्यांच्यासाठी सांगते. इकडच्या एका एफएमवाल्याला कुठूनतरी जुन्या गीतमालेच्या रेकॉर्डिंग सापडल्यात आणि दर रविवारी दुपारी तो त्या लावतो. तीच गीतमाला, सिनेमाच्या गाण्यांना लोकांच्या आवडीप्रमाणे नंबर लावणारा रेडिओचा कार्यक्रम, निवेदक अमीन सायानींची, बहनों और भाइयोंवाली. खालच्या नंबरापासून सुरू करायचं, एकेक पायदान, म्हणजे नंबराची पायरी, वर चढायचं आणि शेवटी बिगुल वाजवून पहिल्या नंबरचं गाणं. आता मला सांगा, साठ वर्षांपूर्वी लागलेल्या निकालाची उत्सुकता कुणाला असेल? दहावीचा निकालसुद्धा माणूस आठ दिवसांत विसरतो. पण बापू रेडिओसमोर असे बसतात की जणू मतमोजणी चालू आहे आणि अजून काहीही होऊ शकतं.

बरं त्यांना सगळं पाठ आहे. 1953 पासूनचं दरवर्षीचं पहिलं गाणं झोपेतून उठवून विचारा, सांगतात. एकदा आमच्या पोराने, त्याचा बिचाऱ्याचा उद्देश चांगला होता, मोबाइलवर अख्खी यादी काढली आणि म्हणाला बापू हे बघा इथे लिहिलंय पहिलं कोणतं ते, वाचू का, म्हणजे कूलर लावता येईल. बापू असे ओरडले की शेजारचे काका भिंतीवरून डोकावले. "सांगू नको! मजा जाते!" पोरगा म्हणाला पण तुम्हाला तर माहितीये. तर म्हणे माहिती असणं वेगळं आणि जाहीर होणं वेगळं. यावर मी काही बोलले नाही, मी ओढणीने वारा घेत होते.

सासूबाई मात्र गप्प बसणाऱ्यातल्या नाहीत. त्या रागावल्या की थेट अहिराणीत येतात. "कूलर चालू कर व माय, जीव चालना मना," असं मला, आणि "आग लागो त्या रेडिओले," असं छताकडे बघून. बापू हात वर करून, "चूप बस ना, आते दोन नंबर शे." हा संवाद दर रविवारी होतो, शब्दही बदलत नाहीत, त्याचंही कुणीतरी रेकॉर्डिंग करून ठेवायला पाहिजे.

गाण्यांच्या मधे बापूंचा तास असतो. विज्ञानाचे सर असल्यामुळे नुसतं ऐकून भागत नाही, समजावून सांगावं लागतं. की 1952 साली केसकर नावाच्या मंत्र्यांनी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार केली, आणि त्याच वर्षी 3 डिसेंबरला, बुधवारी रात्री आठ वाजता, रेडिओ सिलोनवर गीतमाला सुरू झाली. की पहिल्यांदा नंबर वगैरे काही नव्हतं, सात गाणी कशीही लावायचे आणि लोकांनी क्रम लावून पाठवायचा, आणि पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली. की कार्यक्रम मुंबईत रेकॉर्ड व्हायचा, टेप विमानाने कोलंबोला जायची आणि तिथून शॉर्टवेव्हवर सगळ्या हिंदुस्थानात. म्हणजे मुंबईचा आवाज अमळनेरला यायला आधी लंकेला जाऊन यायचा! इथे सासूबाईंनी एकदाच काय ते तोंड उघडलं, "लंकेतून आलंय ना, म्हणूनच घरात आग लागी ऱ्हायनी." बापूंनासुद्धा हसू आलं पण त्यांनी ते खोकल्यात घातलं.

मग आयनोस्फिअर, म्हणजे खूप उंचावरचा हवेचा थर. आमच्या घरात आयनोस्फिअर हा शब्द मीठ या शब्दाइतका वापरला जातो. शॉर्टवेव्हच्या लहरी तिथे आदळून परत खाली येतात, आणि तो थर सारखा हलत असतो, म्हणून आवाज मोठा व्हायचा, बारीक व्हायचा, मधेच कुठलातरी परदेशी माणूस बोलून जायचा, आणि नेमकं पायदान जाहीर व्हायच्या वेळी खर्रर्र. बापू लहानपणी बाजारातल्या एका हॉटेलबाहेर उभं राहून ऐकायचे, आत बसायचं तर चहा घ्यावा लागायचा आणि चहाचे पैसे कोणाकडे होते, रेडिओ घरी ठेवायचा म्हटलं तर तेव्हा पोस्टात जाऊन लायसन काढावं लागायचं. त्या खरखरीचं त्यांना इतकं प्रेम आहे की आताच्या स्वच्छ आवाजावर त्यांचा विश्वासच बसत नाही. "जास्तच साफ केलंय," म्हणतात. मागे एकदा मी स्वयंपाकघरात मिक्सरमधे शेंगदाण्याची चटणी फिरवली आणि त्यांच्या जुन्या रेडिओत खरखर घुसली, तर मला वाटलं आता बोलणी बसणार, आणि बघते तर डोळे मिटून ऐकतायत. "हां, आता लागलं बघ सिलोन." तेव्हापासून रविवारची चटणी मी मुद्दाम त्याच वेळेला करते, तेवढ्याने घरात शांतता राहते.

पण खरा त्रास निकाल ऐकून होतो. बापूंना निकाल मान्य नाहीत. म्हणजे एखाद-दुसरा नाही, बरेचसे. 1957 घ्या. त्या साली 'प्यासा' आला, 'नया दौर' आला, 'मदर इंडिया' आला, आणि वर्षाचं पहिलं गाणं कुठलं तर 'जनम जनम के फेरे'मधलं, जरा सामने तो आओ छलिये. गाणं गोड आहे, माझी काही तक्रार नाही. बापूंची आहे. 'प्यासा'च्या साहिर आणि एसडी बर्मनना डावलून हे कसं, असं विचारतात, आणि विचारतात मला, जी तेव्हा जन्मालाच काय, जिच्या आईचंही लग्न झालेलं नव्हतं.

1965 ची तर केसच वेगळी आहे. तेव्हा बापूंचा इथे मित्रमंडळींचा श्रोता संघ होता, आणि अशा संघांची मतं गीतमालेत धरली जायची, कारण नुसता रेकॉर्डच्या विक्रीवर किंवा पत्रांच्या ढिगावर नंबर लावला तर कोणी पण आपल्याच गाण्याच्या रेकॉर्डी विकत घेऊन, नाहीतर माणसं बसवून पत्रं लिहून वर चढू शकतं. तर या संघाने 'जब जब फूल खिले'मधल्या परदेसियों से साठी जीव पाखडला. पहिलं आलं मुकेशचं जिस दिल में बसा था, 'सहेली'मधलं. दोन्हीचे संगीतकार कल्याणजी-आनंदजीच! "मग काय बिघडलं असतं यांचं?" हा प्रश्न बापू आजही विचारतात. मला खात्री आहे की त्या पोस्टकार्डांचं काय झालं याची चौकशी लावायची सोय असती तर त्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला असता.

शेजारचे काका नेमके मुकेशवाले. ते 1965 च्या एपिसोडला मुद्दाम येतात, स्वतःची खुर्ची घेऊन, आणि काही न बोलता नुसते हसत बसतात. त्यांच्यासाठी ताक करायचं, ते पण मीच.

फक्त 1975 वर सगळ्या घराचं एकमत आहे. महंगाई मार गई. त्या दिवशी सासूबाई पण आतून आवाज देतात की बरोबर आहे, तूरडाळीचा भाव काय झालाय बघा. त्याच वर्षी 'शोले' आला होता आणि त्याचं एकही गाणं वर्षात पहिलं नाही आलं हे ऐकून आमच्या पोराला मात्र पहिल्यांदा इंटरेस्ट वाटला. तो म्हणाला हे तर स्कॅम आहे. बापूंनी त्याला जवळ घेतलं. मला समजलं की आता घरात असे दोन झाले.

आणि एवढं सगळं सोसून पहिला नंबर ऐकायला मिळतो का? नाही. एफएमवाला मधेमधे टिश्यू कल्चर केळीच्या रोपांची, ठिबकची, क्लासेसची, सोन्याच्या मजुरीत सूट अशा जाहिराती इतक्या घुसवतो की तासाचा कार्यक्रम तासात मावतच नाही, आणि दोन नंबरचं गाणं संपलं, अमीनसाहेबांनी आवाज चढवला, बिगुल वाजला, की फट्कन शेतीविषयक कार्यक्रम. पहिल्या नंबरच्या जागी कपाशीवरची गुलाबी बोंडअळी! एकदा नाही, कित्येकदा. बापूंनी फोन केला तर तिकडचा पोरगा म्हणाला काका ते सगळं ऑटोमॅटिक लावलेलं असतं, तुम्ही व्हॉट्सअॅपवर फीडबॅक टाका. बापूंनी पन्नास पैशाचं पोस्टकार्ड टाकलं. खाली श्रोता संघाचं नाव आणि सगळ्या सभासदांच्या सह्या, ज्यातले निम्मे आता हयात नाहीत, त्यांच्या बापूंनीच केल्या. म्हणे संघाची मतं तेव्हाही अशीच जायची. घ्या! आणि हे दुसऱ्यांच्या पत्रांवर संशय घेतात.

2024 च्या फेब्रुवारीत अमीन सायानी गेले. मला वाटलं आता निदान कार्यक्रम बंद पडेल, तर एफएमवाल्याने उलट वेळ वाढवली. सासूबाई म्हणाल्या, "तो भला माणूस मरी गया तरी बी बोली ऱ्हायना, आनि हाऊ जित्ता शे तरी आयकत नही."

शेवटी माझ्या भाच्याने घोळ घातला. तो न्यू जर्सीला असतो. व्हिडिओ कॉलवर बापूंना म्हणाला आजोबा, इकडे पण सेम असतं, अमेरिकन टॉप फोर्टी म्हणून, 1970 च्या 4 जुलैच्या वीकेंडला सुरू झालं, केसी केसम म्हणून निवेदक होते, आणि शनिवार-रविवारी इकडची स्टेशनं त्यांचे सत्तर-ऐंशीतले जुने एपिसोड अजून लावतात, लोक गाडीत ऐकतात. बापूंनी एकच प्रश्न विचारला. "किती गाणी?" चाळीस, तो म्हणाला. आधी तीन तास चालायचं, 1978 च्या ऑक्टोबरपासून चार तास. बापूंच्या तोंडावर जे आलं ते मी ओळखलं, मी मागून हातवारे करून भाच्याला नको नको म्हणत होते, पण तोपर्यंत लिंक आलेली होती.

आता रविवारी गीतमालेनंतर ते असतं. इंग्रजी गाण्यातला एक शब्द बापूंना कळत नाही पण आकडे कळतात, आणि बापूंना आकडेच पाहिजेत. केसम लोकांची पत्रं वाचून दाखवायचे, कुणाची तरी लांब राहणाऱ्या माणसासाठी फर्माईश, ते सुरू झालं की बापू मान डोलावतात, "पत्रं वाचतोय बघ, आपल्यातलाच आहे." मला वाटलं चला, निदान इथे भांडण तरी नाही, कुठलं पहिलं आलं काय आणि नाही आलं काय. कूलर पण मी हळूच एक नंबरवर चालू केला होता.

तर मागच्या आठवड्यात 1977 चा एपिसोड. पहिलं आलं यू लाइट अप माय लाइफ. बापूंनी पोराकडून माहिती काढून घेतली की हे गाणं तिकडे सलग दहा आठवडे पहिलं होतं. झालं. उठून बसले.

"दहा आठवडे? एकच गाणं? आपल्याकडे ठरलेले हप्ते झाले की सरताज गीत म्हणून मान देऊन बाजूला बसवायचे, बाकीच्यांना जागा द्यायला. हे काय, हलायलाच तयार नाही! कोणी बोललं नाही यांना?"

मी म्हटलं बापू, त्याला पन्नास वर्षं होत आली आणि ते केसम पण 2014 लाच गेले.

"मग काय झालं? आपले पण गेले. तू कूलर बंद कर आधी, आणि उद्या बाजारात गेलीस की पोस्टात विचारून ये, अमेरिकेला कार्ड जायला कितीचं तिकीट लागतं."